भावासाठी पेंग्विनची साक्ष

पत्राचा सारांश: तीन भावांतल्या थोरल्याचं हे पत्र आहे. धाकटा सव्वीस वर्षांचा. आपण समलिंगी आहोत, असं त्याने काही महिन्यांपूर्वी घरात सांगितलं. आई रडली. वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. नाहीतर वंश चालला असता का?" थोरल्याला विज्ञानाची आवड. प्राण्यांमधल्या समलिंगी वर्तनाबद्दलचे लेख आणि व्हिडिओ शोधून तो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू लागला. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या दोन नर पेंग्विनची गोष्ट त्याने टाकली, ती वडिलांनी शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "यातला एक पुढे मादीबरोबर राहायला गेला, ते का नाही सांगितलंस?" मोठे भाऊ असले की धाकटा समलिंगी असण्याची शक्यता वाढते, ही माहितीही त्यानेच टाकली. तेव्हापासून आईने "म्हणजे माझ्याच पोटात काहीतरी चुकलं" हा ध्यास घेतला आहे. मधल्या भावाची बायको मुलांना काकाकडे पाठवायला कचरते. वडिलांनी अट घातली आहे: हे जन्मजात असल्याचं विज्ञानाने सिद्ध झालेलं दाखव, मग मी एक शब्द बोलणार नाही, नाहीतर त्याला डॉक्टरकडे न्यायचं. धाकटा मात्र ग्रुप सोडून गेला. जाताना थोरल्याला म्हणाला, "दादा, मला आपलं म्हणायला तुला प्राण्यांची साक्ष काढावी लागते का?" पत्रलेखकाचे प्रश्न दोन: वडिलांना पटेल असा पक्का पुरावा कोणता? आणि मी त्याच्याच बाजूने बोलत होतो, तरी भाऊ का दुखावला?

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मनात आलं ते हे, की तुमच्या भावाने सांगितलं त्या दिवसापासून तुम्ही त्याच्या बाजूने उभे आहात. अशा वेळी कितीतरी घरांत थोरली भावंडं आई-वडिलांना सांभाळण्याच्या नावाखाली गप्प बसतात. तुम्ही बसला नाहीत. त्यामुळे पुढे मी जे लिहिणार आहे त्यातलं काही तुम्हाला टोचलं, तरी ते या जाणिवेने वाचा.

तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पण आधी पहिला घेऊ, कारण तुमच्या वडिलांचा प्रश्न चांगला आहे. "वंश कसा चालला असता?" हे त्यांनी रागाने विचारलं असेल, पण हाच प्रश्न जीवशास्त्रज्ञ अनेक दशकं शांतपणे विचारत आले आहेत. त्याला उडवून लावू नका.

प्राण्यांपासून सुरुवात करू. रॉय आणि सायलो या पेंग्विनांबद्दल वडील म्हणाले ते खरं आहे. दोघांनी एकत्र घरटं केलं, कर्मचाऱ्यांनी दिलेलं अंडं उबवलं, पिल्लू वाढवलं आणि काही वर्षांनी सायलो एका मादीबरोबर राहू लागला. एका जोडीच्या गोष्टीवर सगळा भार टाकला की असंच होतं. सांगण्यासारखी माहिती त्याहून खूप मोठी आहे. ब्रूस बेजमिल या जीवशास्त्रज्ञाने १९९९ साली सगळ्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा साडेचारशेहून अधिक प्रजातींमध्ये समलिंगी वर्तन दिसल्याचं पुढे आलं. त्यानंतर ही यादी वाढतच गेली आहे.

पण ही यादी वाचताना एक भेद डोक्यात ठेवायला हवा. एखाद्या प्राण्याने कधीतरी स्वतःच्याच लिंगाच्या प्राण्याशी लैंगिक वर्तन केलं, ही एक गोष्ट. त्याला आयुष्यभर तेच हवं असणं, ही दुसरी. बहुतेक प्रजातींमध्ये पहिली गोष्ट दिसते. बोनोबो माद्या एकमेकींशी शरीरसंबंध ठेवतात, त्यातून कळपातला ताण निवळतो, खाण्यावरून होणारी भांडणं टळतात. आणि त्याच माद्या नरांशीही जुगतात. जपानी मकाक माकडांमध्ये एखादी मादी दुसऱ्या मादीसाठी नराला झिडकारते, तरी पुढे तिला नरापासून पिल्लंही होतात. म्हणजे प्राण्यांमध्ये सरसकट दिसतं ते माणसांच्या भाषेत उभयलिंगी आकर्षणाच्या जवळ जाणारं आहे.

दुसऱ्या गोष्टीचं सर्वांत नीट अभ्यासलेलं उदाहरण पाळीव मेंढ्यांचं आहे. दर शंभर नर मेंढ्यांमागे सुमारे आठ असे निघतात, की समोर माजावर आलेली मादी असली तरी ते नराचीच निवड करतात. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये चार्ल्स रोझेली यांच्या गटाने अशा मेंढ्यांचे मेंदू तपासले. हायपोथॅलॅमस या भागात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. माद्यांकडे ओढ असलेल्या नरांमध्ये तो मोठा, माद्यांमध्ये लहान आणि नरांकडे ओढ असलेल्या नरांमध्ये माद्यांसारखाच लहान सापडला. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झालं. हा पुंजका घडतो तो मेंढी गाभण असताना, पोटातल्या कोकरावर टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा परिणाम होत असताना. मेंढ्याला कुणी बिघडवलं असं म्हणायला इथे जागाच उरत नाही.

आणि मला सर्वांत आवडणारी नोंद हवाईतल्या लेसन अल्बाट्रॉसची आहे. हे समुद्रपक्षी वर्षानुवर्षं एकाच जोडीदाराबरोबर राहतात. नर-मादी दिसायला इतके सारखे, की डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. ओआहू बेटावरच्या एका वसाहतीत लिंडसे यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासून पाहिलं, तेव्हा ३१ टक्के जोड्या मादी-मादीच्या निघाल्या. वसाहतीत नर कमी होते. या माद्या दुसऱ्या कुणाच्या जोडीदाराशी जुगायच्या आणि पिल्लू मात्र दोघी मिळून वाढवायच्या. एकट्या पक्ष्याला अंडं उबवणं आणि समुद्रावरून अन्न आणणं जमत नाही. नर-मादी जोड्यांपेक्षा त्यांची पिल्लं कमी जगली, पण एकटीचं एकही जगलं नसतं. २००८ साली हा अभ्यास आला, तोपर्यंत माणसं त्या जोड्यांकडे बघून "नर आणि मादी" असंच लिहीत होती. आपल्याला जे अपेक्षित असतं तेच आपण निसर्गात वाचतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

इथे मला तुमचा हात जरा धरावासा वाटतो. प्राण्यांची उदाहरणं "हे माणसांपलीकडेही आहे" एवढं नक्की दाखवतात. वडिलांचं "निसर्गात असलं काही नसतं" हे विधान या उदाहरणांनी खोटं ठरतं. पण "म्हणून हे योग्य आहे" असं प्राण्यांकडून वदवून घेऊ नका. स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेतले डॉक्टर जॉर्ज लेव्हिक यांनी १९११-१२ मध्ये अ‍ॅडेली पेंग्विनांच्या वसाहतीत संपूर्ण विणीचा हंगाम काढला. नर-नर संबंध त्यांनी पाहिले, तसेच मेलेल्या माद्यांवर चढणारे नर आणि पिल्लांना इजा करणारे नरही पाहिले. ते इतके हादरले, की काही नोंदी त्यांनी कुणालाही सहज वाचता येऊ नयेत म्हणून ग्रीक लिपीत लिहिल्या. त्यांचा तो मजकूर शंभरेक वर्षं जवळजवळ दडूनच राहिला आणि २०१२ मध्ये सर्वांसमोर आला. निसर्गात प्रेमळ जोड्या आहेत आणि जबरदस्तीही आहे, पिल्लांची हत्याही आहे. माणसाने कसं वागावं हे ठरवायला निसर्गाला न्यायाधीश केलं, तर तो उद्या अशा बाजूनेही निकाल देईल, की आपण दोघंही हादरू. तुमच्या भावाचं प्रेम चांगलं आहे की नाही, हे त्यात संमती आहे का, जिव्हाळा आहे का, जबाबदारी आहे का यावरून कळेल. तुमच्या वडिलांचं आणि आईचं नातं आपण ज्या मापाने मोजतो, तेच हे माप.

आता वंश. या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे: एखादा गुण टिकायचा तर तो असलेल्या प्रत्येकाला स्वतःची मुलं व्हायलाच हवीत. उत्क्रांती अशी चालत नाही. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या कामकरी माश्या जवळजवळ कधीच प्रजनन करत नाहीत, तरी मधमाश्या कोट्यवधी वर्षं टिकल्या आहेत. जनुकं व्यक्तीपुरती नसतात, ती नातलगांमध्ये वाटलेली असतात.

याच धाग्यावरून पहिलं स्पष्टीकरण निघालं. एडवर्ड विल्सन यांनी १९७५ साली मांडलं, की स्वतःची मुलं नसलेली माणसं भाचे-पुतण्यांना वाढवायला हातभार लावत असतील, तर त्यांची जनुकं आडवाटेने पुढे जातील. तुमच्या मुलात तुमची निम्मी जनुकं असतात, पुतण्यात सरासरी एक चतुर्थांश. म्हणजे स्वतःचं एक मूल न होण्याची भरपाई व्हायला, तुमच्या मदतीमुळे दोन पुतणे जास्तीचे जगायला हवेत. हिशोब कठीण आहे. पॉल व्हेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामोआ बेटांवर फाअफाफिने समाजाचा अभ्यास केला. जन्माने पुरुष, पण स्त्रीसारखं वावरणारी आणि पुरुषांकडे ओढ असलेली ही माणसं. इतर पुरुषांपेक्षा ती भाच्या-पुतण्यांची काळजी जास्त घेण्याकडे झुकतात, असं तिथे सापडलं. अमेरिका, ब्रिटन आणि जपानमध्ये तसं सापडलं नाही. त्यामुळे हे स्पष्टीकरण फार तर एखादा तुकडा असेल.

दुसरा विचार असा, की जी जनुकं एका नातलगात समलिंगी ओढीची शक्यता थोडी वाढवतात, तीच दुसऱ्यात अपत्यसंख्या वाढवत असतील. इटलीत आंद्रेआ काम्पेरिओ चिआनी यांना २००४ साली समलिंगी पुरुषांच्या आईकडच्या स्त्री नातलगांना जास्त मुलं असल्याचं दिसलं. नंतरच्या अभ्यासांनी कधी दुजोरा दिला, कधी नाही. २०२१ मध्ये आणखी एक धागा मिळाला: समलिंगी वर्तनाशी निगडित जनुकीय बदल भिन्नलिंगी लोकांमध्ये आढळले, तर त्यांना लैंगिक जोडीदार अधिक लाभल्याचं दिसलं. पूर्वीच्या काळी त्याचा अर्थ जास्त मुलं असाही होऊ शकला असता.

तिसरा विचार समूहात राहण्याशी जोडलेला आहे. पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावरच्या २३६ नर ऱ्हीसस माकडांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७२ टक्के नरांनी दुसऱ्या नरांशी असं वर्तन केलं होतं. जे करत होते ते भांडणात एकमेकांच्या मदतीला जास्त धावत होते, आणि त्यांना पिल्लं कमी झाली असंही दिसलं नाही. त्याच वर्षी सस्तन प्राण्यांच्या शेकडो प्रजाती ताडून पाहणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात, समलिंगी वर्तन कळपाने राहणाऱ्या प्रजातींमध्ये जास्त आढळलं. संभोग फक्त पिल्लांसाठी असतो ही समजूत माणसांच्या बाबतीतही खरी नाही. आयुष्यात माणसं किती वेळा जवळ येतात आणि त्यातून मुलं किती होतात, हे वडिलांना विचारायची गरज नाही. त्यांना माहीत आहे.

मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटतं ते जूलिया मंक आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली केलेलं काम. त्यांनी प्रश्नच उलटा केला. आपण गृहीत धरतो की मुळात सगळे प्राणी फक्त विरुद्ध लिंगाकडेच ओढले जायचे आणि मग कुठूनतरी समलिंगी वर्तन शिरलं, म्हणून त्याचं कारण शोधलं पाहिजे. पण लिंगभेद ओळखायला इंद्रियं लागतात, मेंदू लागतो. सुरुवातीच्या प्राण्यांमध्ये लिंगांतला फरक दिसून येण्याइतका ठळक नसेलही. मग भेद न करता सर्वांशी जुगण्याचा प्रयत्न करणं हीच मूळ स्थिती का नसावी? त्यातून नुकसान फारसं होत नसेल, तर ती स्थिती नाहीशी व्हायचंही काही कारण नाही. आज समुद्रतारे, किडे, पक्षी, माकडं अशा दूरदूरच्या शाखांवर हे वर्तन का दिसतं, याचा उलगडा यातून सोपा होतो. ही अजून परिकल्पना आहे. माणसातला कायमचा, एकाच लिंगाकडे असलेला कल तिने पूर्ण समजत नाही. तरी "हे कुठून आलं?" असं विचारताना आपण आधीच काय मानून बसलो आहोत, हे तिच्यामुळे उघडं पडतं.

आणखी एक साधी गोष्ट वंशाच्या हिशोबात राहून जाते. इतिहासभर असंख्य समलिंगी स्त्री-पुरुषांची लग्नं लावून दिली गेली आणि त्यांना मुलं झाली. वंश चालला. त्यासाठी त्या माणसांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी काय सोसलं, ते मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही. तुमच्या घरात "लग्न करून दिलं की ठीक होईल" हा विषय निघाला, तर तिथे ठाम राहा. त्यात एका तिसऱ्या, पूर्ण अनोळखी मुलीचं आयुष्य पणाला लागतं.

माणसाच्या जीवशास्त्राबद्दल आता. "समलिंगी जनुक" असं काही नाही. १९९३ साली एक्स गुणसूत्राच्या एका टोकाशी असं काही सापडल्याची मोठी बातमी झाली होती. आज चित्र वेगळं आहे. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला. पाच ठिकाणं ठळकपणे पुढे आली, बाकी असंख्य ठिकाणांचा बारीक बारीक वाटा. सगळ्या सामान्य जनुकीय फरकांचा मिळून वाटा ८ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान निघाला, आणि कुणाचेही जनुक वाचून त्याचा कल सांगता येत नाही. तोही अभ्यास वर्तनाचा होता: समलिंगी संबंध कधी आला का, एवढंच त्यात विचारलं होतं. जनुकं सारखी असलेल्या जुळ्या भावांमध्येही एक समलिंगी आणि दुसरा नाही, असं सर्रास दिसतं. स्त्रियांवर तर पुरुषांच्या तुलनेत संशोधनच फार कमी झालं आहे. लेकीसाठी किंवा बहिणीसाठी हे वाचणाऱ्यांनी पुरुषांचे आकडे तिच्यावर चिकटवू नयेत.

म्हणजे जनुकांचा वाटा आहे, गर्भाशयातल्या घडणीचा वाटा असल्याच्या ठोस खुणा आहेत आणि एकच एक कारण नाही. संगोपनाचं काय? विसाव्या शतकाच्या मध्यावर मनोविश्लेषकांचा एक मोठा वर्ग अतिलाड करणाऱ्या आईला आणि दूर दूर राहणाऱ्या बापाला दोष द्यायचा. त्या दोषारोपाला पुरावा मिळाला नाही. उलट जन्मतः असलेल्या शारीरिक दोषामुळे किंवा बाळपणी शस्त्रक्रियेत इजा झाल्यामुळे काही मुलग्यांना मुलगी म्हणून वाढवलं गेलं. मोठेपणी त्यांची ओढ प्रामुख्याने स्त्रियांकडेच राहिली. वाढवण्याने कल ठरत असता, तर तिथे नक्की बदलला असता.

आईशी बोलताना यातलं काहीच आधी सांगू नका. आधी आकडा सांगा. रे ब्लँचार्ड आणि अँथनी बोगार्ट यांनी १९९६ साली मोठ्या भावांचा हा परिणाम मांडला: प्रत्येक मोठ्या भावामागे शक्यता सुमारे एक तृतीयांशाने वाढते. ऐकायला हे फार मोठं वाटतं. पण मूळ शक्यता शंभरात दोनच्या आसपास धरली, तर दोन मोठ्या भावांनंतर ती साडेतीनच्या आसपास जाते. तुमच्यासारखे दोन थोरले असलेल्या शंभर धाकट्यांपैकी शहाण्णव-सत्त्याण्णव समलिंगी नसतात. आणि मोठा भाऊ मुळीच नसलेले कितीतरी पुरुष समलिंगी असतात. या मोजणीच्या पद्धतीवर अलीकडे आक्षेपही घेतले गेले आहेत.

मग कारण? परिणाम दिसतो तो एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या भावांचा. सावत्र किंवा दत्तक भावांबरोबर वाढल्याने काही फरक पडत नाही. म्हणून संशोधकांची नजर गर्भारपणाकडे वळली. मुलग्याच्या गर्भात वाय गुणसूत्रामुळे काही प्रथिनं तयार होतात. आईच्या शरीराला ती परकी वाटतात आणि ते त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करू शकतं. २०१८ साली समलिंगी मुलांच्या आयांच्या रक्तात, विशेषतः त्या मुलांना मोठे भाऊ असले तर, अशा एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं जास्त आढळली. अभ्यास लहान होता, अजून शिक्कामोर्तब व्हायचं आहे. पण समजा हे खरं निघालं, तरी त्यात आईने काय खाल्लं, काय मनात आणलं, किती दगदग केली याचा काडीचा संबंध नाही. आणि "चुकलं" हा तिचा शब्द ज्या गोष्टीला लागू करायचा, ती तिच्यासमोर चालतीबोलती बसलेली आहे. तिला विचारा, सव्वीस वर्षांत या मुलात तिला काय चुकलेलं दिसलं? मग तिला बोलू द्या. ती रडली तर अडवू नका. बऱ्याच आया मुलाच्या काळजीने रडतात आणि त्याचा अर्थ मुलं नकार असा लावतात. तुमच्या भावाला हा फरक कुणीतरी सांगायला हवा.

वहिनींचा मुद्दा छोटा पण तातडीचा आहे. कल संसर्गाने पसरत नाही. समलिंगी पालकांच्या घरी वाढलेली मुलं इतर मुलांसारखीच वाढतात, असं दशकानुदशकांच्या अभ्यासांत दिसलं आहे. प्रौढ पुरुषाला प्रौढ पुरुषाबद्दल वाटणाऱ्या ओढीचा मुलांवरच्या अत्याचाराशी संबंध जोडणं सपशेल चूक आहे. वहिनी तसं उघड म्हणाल्या नसतील, पण मनात तीच भीती असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून मधल्या भावाने त्यांच्याशी हे शब्द वापरूनच बोलावं. आडून बोलल्याने भीती जात नाही. आणि काका एकाएकी का येत नाही, याचा अर्थ मुलं आपापल्या परीने लावतात.

आता वडिलांची अट. ती मान्य करू नका, असं मी स्पष्ट सांगते. माझ्याकडे पुरावा नाही म्हणून हे म्हणत नाही. वर पुष्कळ लिहिला आहे. पण ज्या दिवशी तुम्ही ही अट स्वीकाराल, त्या दिवशी भावाचं घरातलं स्थान पुढच्या संशोधनाच्या हवाली होईल. एखादा नवा अभ्यास वेगळं काही सांगू लागला, तर काय करणार? त्याला परत बाहेर काढणार?

ही वाट तुमच्या आधी एक फार मोठा माणूस चालून गेला आहे. जर्मन डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड. समलिंगी ओढ जन्मजात आहे हे सिद्ध केलं की कायदा बदलेल आणि समाजही, अशी त्यांची श्रद्धा होती. "विज्ञानातून न्यायाकडे" हे त्यांचं ब्रीदवाक्य. १९१९ साली त्यांनी बर्लिनमध्ये लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था काढली. मे १९३३ मध्ये नाझींनी ती लुटली आणि तिथल्या ग्रंथालयाची होळी केली. "जन्मजात आहे" हे ऐकून त्यांच्या मनात दया आली नाही. बुखेनवाल्डच्या छळछावणीत एका डॉक्टरने समलिंगी कैद्यांच्या शरीरात संप्रेरकांच्या कुप्या बसवून त्यांना "बरं" करण्याचे प्रयोग केले. लोकशाही देशांतही फार वेगळं नव्हतं. ब्रिटनमध्ये गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांना १९५२ साली दोषी ठरवून, तुरुंगाऐवजी संप्रेरकांचे उपचार घ्यायला लावले. १९५४ साली ते गेले. जैविक कारण माणसाच्या हाती आलं, की तो ते समजून घ्यायला वापरतो आणि दुरुस्त करायलाही. कशाला वापरायचं, हे आधीच मनात ठरलेलं असतं.

म्हणून वडिलांना विज्ञान सांगा, जरूर सांगा, पण वेगळ्या वेळी आणि वेगळ्या कारणासाठी. त्यांना प्रश्न पडला आहे म्हणून. पेंग्विनची गोष्ट शेवटपर्यंत वाचणारा माणूस उत्सुक आहे. त्याला अल्बाट्रॉस आणि मेंढेही आवडतील, आणि जिथे पुरावा कच्चा आहे तिथे तुम्ही तसं म्हणालात तर तुमच्यावरचा विश्वास वाढेल. भावाच्या विषयावर मात्र दुसरीच बैठक घ्या. तिथे विचारा, "बाबा, तुम्हाला भीती कशाची वाटते?" लोक काय म्हणतील याची असेल. तो म्हातारपणी एकटा पडेल याची असेल. मुलाला आपण ओळखलंच नाही, याची खंत असेल. यातल्या एकाही भीतीचं उत्तर जनुकांत नाही. त्यावर घरात बसून बोलावं लागेल, आणि एका बैठकीत ते संपणार नाही. तुमचं स्वतःचं वाक्य मात्र पहिल्याच दिवशी ठेवून द्या: कारण काहीही निघो, तो माझा भाऊ आहे आणि माझ्या घरात त्याची जागा आहे. ते सिद्ध करायच्या फंदात पडू नका.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमच्या भावाने आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट घरच्यांना विश्वासाने सांगितली, आणि दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर तो चर्चेचा विषय झाला. तुम्ही त्याची बाजू लढवत होता, पण तो रोज सकाळी फोन उघडून बघत होता की आज आपल्यासारखा कोणता प्राणी सापडला. भिन्नलिंगी माणसाला आपल्या ओढीचं कारण कधी द्यावं लागत नाही. तुम्ही त्याला विचारलंत का, की तुला हे कधी कळलं, एकट्याने किती वर्षं सांभाळलंस, कुणी आहे का तुझ्या आयुष्यात? तुमच्या पत्रात भावाबद्दल फार थोडं आहे. पुराव्यांबद्दल खूप आहे.

त्याला भेटा. मेसेज नको. माफी मागायची असेल तर एका वाक्यात मागा, स्पष्टीकरण जोडू नका. मग विचारा, पुढे कुणाला काय सांगायचं, कोण सांगणार आणि काय कुणालाच सांगायचं नाही. मोठ्या नातेवाइकांपर्यंत ही बातमी गेली असेल किंवा जाणार असेल, तर तो निर्णय त्याचा आहे. ग्रुपवर टाकलेलं काढून टाकू का, हेही त्यालाच विचारा. आणि त्याला विज्ञानाची ही सगळी चर्चा आवडत असेल, तर तुम्हा दोघांना बोलायला एक छान विषय आहे. नसेल, तर सोडून द्या.

राहता राहिला डॉक्टर. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. कल बदलून देतो म्हणणारे उपचार काम करत नाहीत, त्यांच्याशी नैराश्य आणि आत्महत्येचे विचार निगडित असल्याचं दिसलं आहे, आणि प्रमुख वैद्यकीय संघटना त्यांच्या विरोधात आहेत. कुणाही समुपदेशकाकडे जाण्याआधी फोनवरच विचारा, "समलिंगी असणं हा आजार आहे असं तुम्ही मानता का? कल बदलायचा प्रयत्न करता का?" उत्तरात जराही चाचरणं ऐकू आलं, तर दुसरा समुपदेशक शोधा. वडिलांना कुणा जाणकाराशी बोलायचं असेल, तर ती इच्छा मोडू नका. या धक्क्यातून जाताना त्यांनाही आधाराची गरज आहे. पहिली भेट त्यांची आणि आईची ठरवा. भावाने यायचं की नाही, हे त्याच्यावर सोडा.